लाल चौकटी, निळे ठिपके : हार्नी काउंटीच्या नकाशांचा इतिहास

अमेरिकेच्या ओरेगन राज्याच्या आग्नेय भागात हार्नी काउंटी आहे. काउंटी म्हणजे राज्याखालचा, आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणारा प्रशासकीय विभाग. हार्नी काउंटीचा विस्तार १०,२०० चौरस मैलांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर भरतो आणि २०२० च्या जनगणनेत तिथे साडेसात हजारांच्या आसपास माणसे मोजली गेली. म्हणजे सरासरी साडेतीन चौरस किलोमीटरांमागे एक माणूस. हा मुलूख समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांहून उंच असून पश्चिमेच्या कॅस्केड पर्वतरांगेने पावसाचे ढग अडवल्यामुळे कोरडा राहिला आहे. काउंटीचे मुख्य गाव असलेल्या बर्न्समध्ये वर्षाकाठी दहा-अकरा इंच पाऊस पडतो, त्यातला बराचसा हिवाळ्यात बर्फाच्या रूपाने. अशा उंच, थंड आणि कोरड्या पठाराला तिकडे उंच वाळवंट म्हणतात. वाळूच्या टेकड्यांऐवजी सेजब्रश नावाचे करड्या पानांचे झुडूप, बेसाल्टचे सडे, पाणी आटून उरलेली खारट मैदाने आणि मधूनच एखादा झरा असे त्याचे रूप आहे, आणि दीडशे वर्षांपासून तिथला मुख्य व्यवसाय गुरे पाळण्याचा आहे.

या मुलखाचे जे स्थलनिर्देशक नकाशे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तयार होत गेले, त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची गरज आहे. स्थलनिर्देशक नकाशा म्हणजे जमिनीचा चढउतार, पाणी, वनस्पती आणि माणसाने केलेले काम ही चारही अंगे ठरावीक चिन्हांनी आणि ठरावीक प्रमाणात दाखवणारा नकाशा. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा त्याच्या केंद्रस्थानी असतात. अमेरिकी पद्धतीत या रेषा तपकिरी, पाणी निळे, माणसाची बांधकामे काळी आणि झाडी हिरवी छापत, तर विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पानांवर सरकारी जमीनमोजणीच्या रेषा लाल असत. हार्नी काउंटीच्या त्या काळातील कोणत्याही पानावर नजर टाकली, तर दोन गोष्टी प्रथम दिसतात : एक मैल बाजूच्या चौरसांचे लाल जाळे, आणि त्या जाळ्याशी काहीही संबंध नसल्यासारखे विखुरलेले झऱ्यांचे, विहिरींचे व तळ्यांचे निळे ठिपके. या दोहोंचे कधीच जमले नाही, आणि काउंटीच्या इतिहासातील बहुतेक मोठे तंटे त्या न जमण्यातून निघाले, हे नकाशांच्या आधारे दाखवता येते.

मोजणीच्या आधी हा मुलूख कुणाला ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. उत्तर पायूट लोक पिढ्यान्‌पिढ्या इथल्या तळ्यांच्या आणि कंदमुळांच्या हंगामानुसार फिरत असत, आणि कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हे ज्ञान त्यांच्याजवळ होते. ते कागदावर नव्हते, एवढेच. १८२६ मध्ये हडसन्स बे कंपनीचे पीटर स्कीन ऑग्डन बीव्हरच्या कातड्यांच्या शोधात हार्नी खोऱ्यात आले. त्यानंतर आलेले मार्ग लष्कराचे होते. कॅप्टन हेन्री वॉलन यांच्या तुकडीने १८५९ मध्ये वाट शोधताना एका तळ्याला जनरल विल्यम हार्नी यांचे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी आलेल्या मेजर ईनॉक स्टीन यांचे नाव खोऱ्याच्या दक्षिणेकडील प्रचंड डोंगराला मिळाले. लष्करी नकाशांचे काम तोफा-गाड्या नेता येतील अशी वाट, घोड्यांना पाणी आणि चारा मिळेल असे मुक्काम दाखवण्याचे होते. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तपशिलाने भरलेला आणि त्यापलीकडचा कागद कोरा राहिला. हा कोरेपणा वाट काढणाऱ्याच्या नजरेची मर्यादा होती, परंतु पुढच्या काळात तो जमिनीचाच गुण मानला गेला आणि ‘रिकामा मुलूख’ ही कल्पना त्यातूनच बळावली.

कोऱ्या कागदावर पहिल्या सरळ रेषा ओढल्या त्या जनरल लँड ऑफिसने. १८१२ मध्ये स्थापन झालेले हे खाते सरकारी जमिनीची मोजणी करून ती विकण्याचे किंवा वाटण्याचे काम पाहत असे. १७८५ च्या कायद्याने ठरवलेली पद्धत अशी की सहा मैल बाजूचा चौरस म्हणजे एक टाउनशिप, तिचे एक मैल बाजूचे ३६ भाग म्हणजे सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. ओरेगनमधील सर्व टाउनशिपांची गणना पोर्टलंडजवळ १८५१ मध्ये रोवलेल्या एका खुंटापासून सुरू होते. मोजणीचे साधन होते गंटरची साखळी : लांबी ६६ फूट, कड्या १००, आणि ८० साखळ्यांचा एक मैल. हीच मापे मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीतही उतरली होती. महाराष्ट्रातला गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, आणि ३३ फूट ही गंटरच्या साखळीची बरोबर निम्मी लांबी; म्हणूनच ४० गुंठ्यांचा एकर तंतोतंत जुळतो. फरक आहे तो पद्धतीत. दख्खनमधील सर्व्हे नंबर बव्हंशी आधीपासून कसल्या जाणाऱ्या शेतांच्या बांधांना धरून पाडले गेले, तर अमेरिकेत माणूस येण्यापूर्वीच चौरस पाडले गेले आणि माणसाने त्यात येऊन बसावे अशी अपेक्षा ठेवली गेली.

१९१० पर्यंत ही मोजणी सरकारी नोकर करत नसत. मैलामागे ठरलेल्या दराने मक्ता घेणारे मोजणीदार ती करत, आणि त्यामुळे जितके मैल तितके पैसे हा हिशेब कामावर उतरला. पश्चिमेकडील राज्यांत न चाललेल्या रेषांची टिपणे लिहून पैसे उचलल्याची प्रकरणे उघडकीस आली, आणि मक्त्याची पद्धत अखेर बंद झाली. तरीही या मोजणीदारांच्या वह्या आज अमूल्य आहेत. दर मैलाला माती कोणत्या प्रतीची, गवत कसे, ओढा कितव्या साखळीवर लागला आणि त्याची रुंदी किती हे त्यांत लिहावे लागे. कोपऱ्याची खूण म्हणून झाड नसेल तेथे दगड रोवून त्याच्या कडेवर खाचा पाडाव्या लागत. स्टीन्स डोंगराच्या परिसरात झाड क्वचितच मिळे, म्हणून बेसाल्टचे खाचा पाडलेले दगड हेच इथल्या मालकी हक्काचे आद्य पुरावे ठरले, आणि नंतरच्या स्थलनिर्देशक नकाशांवर ‘सापडलेला कोपरा’ दाखवणारी लहानशी खूण जिथे आहे, तिथे असा दगड किंवा त्याच्या जागी बसवलेला खांब कुणीतरी प्रत्यक्ष शोधलेला असतो.

चौरसांची ही पद्धत कोरड्या प्रदेशाला लागू पडणार नाही, हे वेळेवर सांगणारा माणूस सरकारातच होता. जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ मध्ये रखरखीत प्रदेशातील जमिनींवर अहवाल सादर केला. चराऊ जमिनीच्या एका घटकाला २,५६० एकर, म्हणजे चार सेक्शन लागतील, आणि त्याच्या सीमा चौरस न ठेवता प्रत्येकाला थोडे तरी पाणी मिळेल अशा रीतीने, नदीनाल्यांच्या वळणांनुसार पाडाव्यात, अशी त्यांची शिफारस होती. काँग्रेसने ती स्वीकारली नाही. १८७९ मध्ये अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते स्थापन झाले. १८८१ मध्ये पॉवेल त्याचे दुसरे संचालक झाले आणि १८८४ मध्ये संपूर्ण देशाचे स्थलनिर्देशक नकाशे पद्धतशीरपणे करण्याचे काम त्यांनी सुरू करवले. पाणी कुठे आहे, ते कोणत्या उताराने वाहते आणि कुठे साठवता येईल, हे समोच्च रेषांशिवाय ठरवता येत नाही. तेव्हा जमिनीच्या धोरणात ज्यांचे म्हणणे नाकारले गेले, त्याच गृहस्थांनी पुढे त्या म्हणण्याचा पुरावा पानापानाने गोळा करणारी यंत्रणा उभी केली. हा योगायोग नव्हता, आणि देशाचे दुर्दैव असे की पुरावा पूर्ण होण्यास शंभर वर्षे लागली.

तोपर्यंत जमिनीवर वेगळाच हिशेब चालू झाला होता. १८७२ मध्ये पीटर फ्रेंच हा तेविशीतला तरुण कॅलिफोर्नियातून सुमारे १,२०० गुरे आणि मेक्सिकन गुराखी घेऊन स्टीन्सच्या पायथ्याशी आला. त्याच्यामागे ह्यू ग्लेन या धनाढ्य जमीनदाराचे भांडवल होते. डॉनर उंड ब्लिट्झन नदीचे खोरे फ्रेंचने हेरले, कारण स्टीन्सवरचे बर्फ वितळून या नदीला उन्हाळ्यातही पाणी राहते आणि तिच्या काठच्या ओल्या कुरणांत हिवाळ्यासाठी गवत कापता येते. इथल्या रँचचे, म्हणजे गुरे पाळण्याच्या विस्तीर्ण मालमत्तेचे, खरे गमक हेच होते की नदीकाठची आणि झऱ्याभोवतीची मोक्याची जमीन आपल्या नावावर केली, की भोवतालचा कोरडा मुलूख सरकारचा असूनही व्यवहारात आपलाच होतो. पाण्यावाचून तिथे दुसऱ्याची गुरे जगूच शकत नाहीत. दलदलीची जमीन राज्याला देणारा १८५० चा कायदा १८६० मध्ये ओरेगनला लागू झाला होता, आणि ओली कुरणे दलदल म्हणून दाखवून राज्याकडून स्वस्तात विकत घेण्याचा मार्ग मोठ्या पशुपालकांना सापडला. फ्रेंच-ग्लेन कंपनीचा ताबा एक लाख एकरांच्या कितीतरी पुढे गेला. २६ डिसेंबर १८९७ रोजी जमिनीच्या वादातून एका वसाहतकऱ्याने फ्रेंचवर गोळी झाडून त्याला ठार केले, आणि ज्युरीने त्या वसाहतकऱ्याला निर्दोष सोडले. मोठ्या रँचांविषयी परिसरात किती रोष साठला होता, याचे हे पुरेसे प्रमाण आहे.

रेषा आणि पाणी यांचा झगडा सर्वांत उघडपणे झाला तो मॅलूर तळ्याच्या काठी. हार्नी खोऱ्याचे पाणी समुद्राला मिळत नाही. स्टीन्सहून उत्तरेकडे आणि ब्लू माउंटन्सहून दक्षिणेकडे येणाऱ्या नद्या मॅलूर, मड आणि हार्नी या उथळ तळ्यांत जिरतात. खोलगट बशीसारख्या या सपाटीवर पाणी फूटभर चढले की काठ मैलोन्‌मैल सरकतो. मोजणीच्या नियमानुसार मोठ्या तळ्याच्या कडेने वळणांची रेषा काढून तिच्या आतला भाग न मोजता सोडायचा असे. या रेषेला मिअँडर रेषा म्हणत, आणि ती एका विशिष्ट वर्षाच्या विशिष्ट हंगामात मोजणीदाराला जिथे काठ वाटला तिथून जाई. १८८१ च्या सुमारास मॅलूर आणि हार्नी या तळ्यांमधला वाळूचा बांध फुटला, मॅलूरचे पाणी उतरले आणि हजारो एकर सुपीक जमीन उघडी पडली. तिच्यावर वसाहतकरी येऊन राहिले. कंपनीचे म्हणणे असे की आपल्या जमिनीची हद्द अधिकृत नकाशात तळ्याला भिडलेली आहे, तेव्हा पाणी मागे हटले तर उघडी पडलेली जमीनही आपलीच.

हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०२ मध्ये फ्रेंच-ग्लेन लाइव्हस्टॉक कंपनी विरुद्ध स्प्रिंगर या खटल्यात कंपनी हरली. नकाशावर मिअँडर रेषा आहे एवढ्यावरून तिच्यापलीकडे तळे होतेच असे मानता येत नाही. मोजणीच्या वेळी तिथे खरोखर पाणी होते का, हा पुराव्याने ठरवण्याचा प्रश्न आहे, ही भूमिका कायम झाली. १९३५ मध्ये पुन्हा त्याच तळ्यांच्या तळजमिनीवरून केंद्र सरकार आणि ओरेगन राज्य समोरासमोर आले. रेषेच्या आतील ८०,००० हून अधिक एकरांचा प्रश्न होता, आणि निकाल एका वेगळ्याच मुद्द्यावर फिरला : १४ फेब्रुवारी १८५९ रोजी, म्हणजे ओरेगनला राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी, या तळ्यांतून नौकानयन होऊ शकत होते का? होऊ शकत असेल तर तळ राज्याचा, नसेल तर केंद्राचा. लव्हाळ्यांनी भरलेल्या उथळ पाण्यात बदकांच्या शिकारीपुरत्या होड्या चालणे म्हणजे नौकानयन नव्हे, असे ठरवून न्यायालयाने जमीन केंद्राची मानली. त्याआधी, १९०८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याच तळ्यांभोवती पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र घोषित केले होते, आणि १९३५ मध्येच ब्लिट्झन खोऱ्यातील फ्रेंचची जुनी जमीनही त्या अभयारण्यात आली. १९३४ च्या दुष्काळात मॅलूर तळे पूर्ण आटले होते. उलट १९८० च्या दशकाच्या मध्यात तिन्ही तळी एक होऊन पाणी पावणेदोन लाख एकरांच्या आसपास पसरले, रस्ते आणि लोहमार्ग बुडाले, आणि काठचे कित्येक रँच सोडावे लागले. छापील नकाशांवर मात्र तळ्याची कड प्रत्येक आवृत्तीत एकाच ठाम निळ्या रेषेने दाखवलेली असते. दोन आवृत्त्यांतल्या या कडांची तुलना करणाऱ्याला मुलखाचा स्वभाव जितका कळतो, तितका तो एखाद्या वर्णनपर ग्रंथातूनही क्वचितच कळेल.

दुसरा धडा कॅटलो खोऱ्यातला. स्टीन्सच्या पश्चिमेस असलेल्या या सपाट खोऱ्यात माती चांगली होती, पण वाहते पाणी जवळजवळ नव्हते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर मोफत मिळत. १९०९ च्या सुधारित कायद्याने ही मर्यादा ३२० एकर झाली, आणि १९१६ मध्ये पशुपालनासाठी ६४० एकर. तरीही पॉवेल यांनी सुचवलेल्या घटकाच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे कायदा गेला नाही. १९१० च्या दशकात जाहिरातींना भुलून आणि काही ओल्या वर्षांच्या भरवशावर शेकडो कुटुंबे इथे कोरडवाहू गव्हासाठी आली, ब्लिट्झन नावाचे गाव वसले, शाळा निघाल्या, टपाल येऊ लागले. पुढच्या दशकात ससे, दव गोठवणाऱ्या जूनमधल्या रात्री आणि पावसाची दडी यांपुढे बहुतेक सगळे निघून गेले. नकाशांच्या दृष्टीने ही घटना विलक्षण आहे, कारण तपशीलवार पाने तयार होईपर्यंत वस्ती संपलेली होती. ज्या वर्षांत माणसे होती त्या वर्षांचा बारकाईचा नकाशा नाही, आणि ज्या वर्षांचा नकाशा आहे त्यात वस्तीऐवजी कुठेही न पोहोचणाऱ्या सरळ वाटा, मोडक्या घराची पोकळ चौकट किंवा एकाकी दफनभूमीचा क्रूस एवढेच उरले आहे. सेक्शनच्या हद्दीवरून काटकोनात वळणारी वाट या खोऱ्यात दिसली, तर ती गुरांनी पाडलेली नसून होमस्टेडवाल्यांच्या काळातली असण्याचा संभव मोठा असतो. गुरांच्या वाटा पाण्याकडे तिरक्या जातात.

भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची सुरुवातीची पाने १:२,५०,००० आणि १:१,२५,००० अशा लहान प्रमाणांवर, तर अधिक वस्तीच्या भागांत १:६२,५०० प्रमाणावर निघत. यातील शेवटचे प्रमाण सुमारे इंचाला मैल असे असून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या इंच-मैल पानांच्या जवळचे आहे. तिपाईवर बसवलेली सपाट फळी, तिच्यावर ताणलेला कागद आणि दुर्बिणीची पट्टी एवढ्या साहित्याने मोजणीदार डोंगरमाथ्यावर उभा राहून नकाशा तिथेच आखत असे. काही ठिकाणांची उंची आणि जागा काटेकोर मोजलेली असे. मधल्या समोच्च रेषा तो समोरचा भूभाग पाहत हाताने काढी. म्हणून जुन्या पानांवरील डोंगराच्या वळणांत काढणाऱ्याचा हात ओळखू येतो. खडकांचा आणि पाण्याचा अभ्यास करणारेही याच काळात आले. इस्रायल रसेल यांनी १८८२ मध्ये दक्षिण ओरेगनची पाहणी केली, आणि जेराल्ड वॉरिंग यांचा हार्नी खोऱ्याच्या भूरचनेवरील व पाण्यावरील अहवाल १९०९ मध्ये, नेमका होमस्टेडची लाट येण्याच्या सुमारास, प्रसिद्ध झाला.

मोठ्या प्रमाणाची पाने या भागाला देशात उशिरा मिळाली, कारण मागणी शहरांची, खाणींची आणि धरणांची आधी पुरवली जाई. दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. विमानातून एकाच भूभागाची दोन किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली छायाचित्रे यंत्रात एकत्र पाहिली की जमीन उठावाने दिसते, आणि त्या दृश्यावरून समोच्च रेषा थेट आखता येतात. डोंगर चढून फळी मांडण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली. १९५० च्या दशकात लष्कराच्या नकाशा विभागाने १:२,५०,००० प्रमाणाची पाने काढली, त्यांत बर्न्स आणि अडेल ही पाने या मुलखाची. त्यानंतर साडेसात मिनिटांची, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या एक-अष्टमांश अंशांत मावणारी आणि १:२४,००० प्रमाणाची मालिका देशभर पूर्ण करण्याचे ठरले. या अक्षांशावर असे एक पान सुमारे ५५ चौरस मैल व्यापते, त्यामुळे एकट्या हार्नी काउंटीला ढोबळ हिशेबाने १८५ पाने लागतात, आणि त्यांपैकी कित्येक पानांवर कायम राहणारे एकही कुटुंब नसते. काम संपवण्याच्या घाईत १९८२ पासून ‘तात्पुरती आवृत्ती’ असे छापलेली, हाताने लिहिलेल्या अक्षरांची पानेही काढली गेली. सलग अठ्ठेचाळीस राज्यांची मालिका १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाली.

छायाचित्रांनी सगळे काम भागत नसे. छायाचित्रात दिसणारी वाट चालू आहे की मोडलेली, घरात माणूस राहतो की नाही, ओढ्याचे नाव काय, हे विमान सांगत नाही. म्हणून मसुदा तयार झाल्यावर एक माणूस गाडीने किंवा पायी त्या पानाचा मुलूख फिरून तपासणी करी आणि रँचवर राहणाऱ्यांना नावे विचारी. विरळ वस्तीच्या पानाची खरी श्रीमंती या तपासणीत आहे. शहराच्या पानावर घरे दाखवणे अशक्य असल्याने सगळा भाग फिकट गुलाबी रंगवला जाई. हार्नी काउंटीत मात्र प्रत्येक राहते घर भरीव काळा ठिपका होऊन उमटले, गोठे-कोठारे पोकळ चौकटी झाली, आणि पवनचक्की, विहीर, कोरल म्हणजे गुरे कोंडण्याचे कुंपणबंद आवार, जीप जाईल एवढीच वाट, ही सगळी शब्दांनी किंवा चिन्हांनी नोंदली गेली. स्टीन्सच्या पूर्व बाजूचे पान हातात घेतले तर डावीकडे तपकिरी रेषा एकमेकींत जवळजवळ मिसळलेल्या दिसतात, कारण ९,७३३ फुटांच्या माथ्यापासून अल्वर्ड वाळवंटाच्या तळापर्यंत अवघ्या काही मैलांत साडेपाच हजार फुटांचा उतार आहे, आणि दर ४० फुटांना एक रेषा धरली तरी शंभराहून अधिक रेषा त्या पट्टीत बसवाव्या लागतात. उजवीकडे आटलेल्या तळ्याचे मैदान एकाही रेषेशिवाय पसरलेले असते. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, जिथे डोंगरातले पाणी जमिनीतून वर येते नेमके तिथे, एकामागोमाग एक रँचांचे काळे ठिपके आणि त्यांना जोडणारा एकच रस्ता असतो. लाल चौकटी मात्र कडा, पट्टा आणि मैदान या तिन्हींवरून सारख्याच निर्विकारपणे गेलेल्या दिसतात.

१९३४ च्या टेलर चराई कायद्याने मोकळ्या सरकारी कुरणांवर प्रथमच परवान्याची पद्धत आली. परवाना देताना अर्जदाराकडे स्वतःच्या मालकीची जमीन किंवा पाणी आहे का, हे पाहिले जाई, म्हणजे पाणी धरून कुरण राखण्याचा जुना व्यवहारच कायद्याने मान्य केला. चराई खाते आणि जनरल लँड ऑफिस १९४६ मध्ये एकत्र होऊन ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खाते झाले. आज काउंटीची सुमारे तीन-चतुर्थांश जमीन केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. १९६० नंतरच्या पानांवर या धोरणाच्या खुणा निळ्या रंगात दिसू लागतात : ओढ्यांवर घातलेले मातीचे बांध, गुरांसाठी खोदलेली तळी, नळाने आणलेले पाणी. शेजारच्या मॅलूर काउंटीत १९६२ पासून दहा वर्षे चाललेल्या व्हेल प्रकल्पाने हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. निसर्गाने पाणी जिथे दिले नाही तिथे ते नेण्याचा हा खटाटोप होता, आणि त्याची दुरुस्ती कोण करतो यावर आजही गुरांचा पल्ला अवलंबून असतो.

नकाशांनी जे पुसले त्याचीही नोंद घेणे आवश्यक आहे. १८७२ मध्ये उत्तर पायूट लोकांसाठी सुमारे १८ लाख एकरांचे मॅलूर राखीव क्षेत्र ठरवण्यात आले, आणि त्या दशकातल्या राज्य-नकाशांवर त्याची हद्द स्पष्ट आहे. बॅनॉक व काही पायूट लोक अमेरिकी लष्कराशी लढले त्या १८७८ च्या बॅनॉक युद्धानंतर पायूटांना भर हिवाळ्यात आजच्या वॉशिंग्टन राज्यातील याकामा येथे चालवत नेले गेले, ज्यांनी युद्धात भाग घेतला नव्हता त्यांनाही. पायूट लेखिका सारा विनेमका यांनी १८८३ च्या आपल्या ग्रंथात त्याची कहाणी सांगितली आहे. पुढच्या काही वर्षांत राखीव क्षेत्र मोडून वसाहतीसाठी खुले झाले आणि हद्दीची रेषा नकाशातून नाहीशी झाली. नावांचेही असेच झाले. स्थानिक स्त्रियांना उद्देशून वापरला जाणारा एक हिणकस शब्द असलेली शेकडो ठिकाणे अमेरिकेच्या नकाशांवर होती, ओरेगनमध्ये तर विशेष. केंद्र सरकारने ती नावे २०२२ मध्ये बदलली. उलट दिशेचे उदाहरण स्टीन्सवरच आहे. गुराख्यांच्या आणि मेंढपाळांच्या मुक्कामी येणाऱ्या वेश्यांवरून नाव पडलेल्या एका कुरणाला १९६० च्या दशकात सरकारी नकाशावर सौम्य नाव देण्यात आले. ओरेगनच्या भौगोलिक नाव मंडळाने त्याला आक्षेप घेतला, आणि १९८० च्या दशकात व्होअरहाउस मेडो हे मूळ नाव परत छापले गेले. अपमान करणारे नाव जावे आणि गैरसोयीचा इतिहास सांगणारे नाव राहावे, हा दोन निर्णयांमधला फरक योग्यच म्हणावा लागेल.

२००९ पासून निघणारी नवी डिजिटल पाने संगणकातल्या माहितीसाठ्यांवरून तयार होतात आणि ठरावीक वर्षांनी आपोआप अद्ययावत होतात. रस्ते, सीमा आणि हवाई छायाचित्रे यांबाबतीत ती जुन्या पानांहून सरस आहेत. पण मुलूख फिरून तपासणी करणारा माणूस त्या साखळीतून गेला, आणि त्याच्याबरोबर पवनचक्क्या, पडक्या खोल्या, कोरल आणि एकाकी विहिरी हे जे तपशील कोणत्याही राष्ट्रीय माहितीसाठ्यात नव्हते, तेही बव्हंशी गळाले. शहराला या तोट्याची झळ नाही. हार्नी काउंटीसारख्या मुलखात मात्र नकाशावरचे बहुतेक मानवी जीवन अशाच तपशिलांत होते, आणि ही हानी भरून निघालेली नाही. समाधानाची बाब एवढी की भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने १८८४ ते २००६ या काळातील पावणेदोन लाखांहून अधिक छापील पाने स्कॅन करून २०११ पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहेत. ती उघडणाऱ्याने मधला नकाशा पाहण्याआधी तळाच्या समासातील वर्षे वाचावीत : छायाचित्र कोणत्या वर्षाचे, प्रत्यक्ष तपासणी कोणत्या वर्षाची, छपाई कोणत्या वर्षाची, आणि जांभळ्या रंगात नंतर केलेली भर कोणत्या वर्षाची. ही भर पुष्कळदा केवळ छायाचित्रांवरून, कुणी जागेवर न जाता केलेली आहे.